भरारी पथकाचे सर

ज्या माणसाने नोकरीभर पोरांच्या मोज्यांतून, कंपासपेटीच्या खोट्या तळातून आणि हाताच्या खोट्या प्लास्टरमधून कॉप्या काढल्या, त्यानेच निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातली सगळ्यात हुशार मुलं गोळा केली आणि सांगितलं, "एकमेकाईचं पाहून लिवा." मी तेव्हा दाराशी कूलरवाल्याशी भांडत होते. भांडण अर्धवट टाकून आत पाहिलं. सभागृहात एकही मूल हललं नव्हतं. सरांकडे सगळे पाहत होते, पण शेजाऱ्याकडे कोणी मान वळवेना. वळवली तर तीच कॉपी ठरेल आणि हे म्हातारे आपल्याला बाहेर काढतील, असा प्रत्येकाला संशय होता.

आमचं हे उन्हाळी शिबिर नागपुरातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात भरायचं. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी, शाळांनी निवडून पाठवलेली मुलं मे महिनाभर तिथे राहायची. सकाळी गणित आणि विज्ञान, दुपारी नेतृत्वविकास. मी त्या कॉलेजच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे खोल्या, जेवण, कूलर आणि पालक या चार गोष्टी माझ्याकडे होत्या. त्यात पालक सगळ्यात अवघड. सर शिबिरप्रमुख होते. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पकडायला अचानक येऊन धडकणाऱ्या भरारी पथकात त्यांनी इतकी वर्षं काढली होती, की त्यांची जीप वळणावर दिसली की केंद्राबाहेरची गर्दी शेतांमधून पळत सुटायची, असं ते स्वतःच मोठ्या आनंदाने सांगत.

उंच, वाळका माणूस. पायात आवाज न करणारे कॅनव्हासचे बूट, ते पथकातल्या दिवसांपासूनचे. सदऱ्याच्या खिशात ऊन बाधू नये म्हणून एक कांदा. कांदा अनेक जण ठेवतात, पण सर रोज तो बदलायचे आणि कालचा कांदा आमच्या स्वयंपाकीणबाईंना सन्मानाने परत करायचे. बाई समोर हसून घ्यायच्या आणि पाठ वळली की मागच्या नालीत टाकायच्या. सरांना हे कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. ज्या माणसाला पोराच्या घशातली चिठ्ठी दिसायची, त्याला नालीतला कांदा दिसणार नाही?

मुलांना ते नावाने हाक मारत नसत. गावाच्या किंवा वस्तीच्या नावाने मारत. "ए हिंगणा, खिडकी उघड." "खापरखेडा, झोपून राहिला का गा?" एका मुलीने धीर करून याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "नावं तं निकाल लागला की पेपरात येणारच आहेत, फोटोसकट. मंग मी काहून पाठ करू?" धरमपेठेतून दोघे आले होते, म्हणून ते धरमपेठ एक आणि धरमपेठ दोन झाले. दोन नंबरच्या मुलाला हे अजिबात रुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसरा आला होता.

टक्क्यांवरही सरांचा कायदा होता. निकाल लागायचा होता, तरी ही मुलं दिवसभर आपापले येऊ घातलेले टक्के एकमेकांना ऐकवत बसायची. ज्याच्या तोंडून टक्क्यांचा आकडा निघेल, त्याने पाइप धरून वसतिगृहातले सगळे कूलर पाण्याने भरायचे. पहिल्या आठवड्यात कूलर कधी रिकामे राहिले नाहीत. एका रविवारी धरमपेठ एकचे वडील भेटायला आले. आमच्या मुलाला किती टक्के अपेक्षित आहेत, हे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. सरांनी पाइप त्यांच्या हातात दिला. मी मध्ये पडणार होते, कारण नंतर फोन मलाच येतात. पण त्या गृहस्थांनी बुटात पाणी जाईस्तोवर कूलर भरला आणि जाताना मला म्हणाले, की फार दिवसांनी असं काम केलं, बरं वाटलं.

सरांचा आवडता पाठ चिठ्ठीचा. पहिल्याच सकाळी प्रत्येकाला सिटी बसचं एक जुनं तिकीट मिळायचं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर विज्ञानाचा अख्खा धडा बसवायचा असायचा. दहावीचं पुस्तक पानांसकट पाठ असलेल्या या मुलांना हे जमेना. कोणी इतक्या बारीक अक्षरात लिहिलं, की त्यालाच वाचता येईना. धरमपेठ एकने दुसरं तिकीट मागितलं. सर मागे हात बांधून त्या बुटांवर बिनआवाजाचे फिरत होते आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता. मग त्यांनी उमरेडच्या बाजूच्या एका केंद्रावरच्या पोराची गोष्ट सांगितली. त्या पोराने इतिहासाचं अख्खं पुस्तक एका रुमालाच्या काठावर बसवलं होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. "मी त्याले पकडलं. पोरगं वर्षभरासाठी बाद झालं. आजही जीव हळहळते. काय सोडायचं ते ज्याले समजलं, त्यालेच धडा समजला. अन् मी त्याले बाहेर काढलं."

नेतृत्व या शब्दाशी त्यांचं जमत नसे. शिबिराला पैसे देणाऱ्या संस्थेने एकदा पुण्याहून एक टायवाला प्रशिक्षक पाठवला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून नेता कसा असतो ते समजावलं. सर पहिल्या रांगेत बसून लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर करून सांगितलं, की त्यांनी पाहिलेला सगळ्यात मोठा नेता म्हणजे परीक्षा केंद्राबाहेरचा झेरॉक्सवाला. पेपर सुरू झाला की पंचक्रोशी त्याच्यापुढे शिस्तीत रांग लावायची आणि तो कोणावर ओरडायचाही नाही. प्रशिक्षकाने हे लिहून घेतलं. मला हसू दाबायला बाहेर जावं लागलं.

आता कन्हानविषयी. म्हणजे कन्हानहून आलेल्या मुलीविषयी, जिला सर आणि मग आम्ही सगळे कन्हान म्हणत होतो. वडील कोळशाच्या खाणीत कंत्राटदाराकडे कामाला. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. वडील रोज जमिनीखाली जातात, पण खाली काय असतं असं विचारलं तर एवढंच सांगतात, अंधार अन् कोळसा. बाकीचं आपल्याला बघायचं आहे, असं तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. घरून ठरलं होतं ते असं: आमच्या शिबिरातून एका मुलाला बंगळुरूच्या एका निवासी संस्थेत अकरावी-बारावीसाठी जागा मिळायची, सगळा खर्च संस्थेचा. ती जागा मिळाली तर जायचं, नाही तर आयटीआय. आयटीआय वाईट नाही, माझा भाऊ तिथूनच शिकला आणि हिंगण्याच्या कारखान्यात नीट लागला. पण या मुलीला जे पाहिजे होतं, ते तिथे शिकवत नाहीत.

चिठ्ठीच्या पाठात तिचं तिकीट सगळ्यात चांगलं होतं. शब्द जवळपास नाहीतच, सगळ्या आकृत्या. पण सर जवळ आले तशी तिने त्यावर तळहात ठेवला. तेव्हापासून महिनाभर ते दृश्य मी पाहत होते. काहीही लिहिताना तिचा डावा हात वहीभोवती कुंपणासारखा आडवा असायचा. इतर मुलंही झाकायची, लहानपणापासूनची सवय होती. पण सरांचा धोशा इतका जबरदस्त होता, की हळूहळू ती वह्या उघड्या ठेवायला लागली. सर गटाला एकेक कोडं द्यायचे. त्यातली माहिती तुकड्यातुकड्यांनी प्रत्येकाकडे वेगळी असायची. सगळ्यांनी आपापला तुकडा टेबलावर टाकल्याशिवाय उत्तर निघत नसे. सुरुवातीला ही मुलं आपला एक तुकडा घेऊनच अख्खं उत्तर काढायला बसायची, आणि ते न निघाल्यावर कोड्यातच चूक आहे असं सरांना पटवून द्यायची. दुसऱ्या आठवड्यात खापरखेड्याच्या मुलाने आपला तुकडा टेबलावर आपटला आणि ओरडला, "घ्या बे, पाहा." त्या दुपारी सरांनी सगळ्यांना आपल्या पैशाने उसाचा रस पाजला.

कन्हानचा तुकडा मात्र टेबलावर यायचा नाही. शेवटी एके दिवशी जेवणाच्या आधी सर तिच्या बाकापाशी थांबले. सगळे ऐकत होते.

"काहून झाकून राहिली वं? कोण खाणार आहे तुहं उत्तर?"

तिने पेन ठेवलं. "सर, ह्याईले हरलं तरी चालते. ह्याईच्या घरी दुसरा बंदोबस्त आहे. मले हरलं तं चालत नाही. मंग मी काहून दाखवू?"

इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखत होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, कित्येकदा प्रश्नाच्या आधी. त्या दिवशी ते वळून बाहेर गेले. जेवायलाही आले नाहीत. स्वयंपाकीणबाईंनी ताट झाकून ठेवलं, तेही तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात येऊन म्हणाले, "कन्हानले माफ आहे. तिनं झाकावं. बाकीच्याईनं उघडं ठेवा." धरमपेठ दोन लगेच उठला आणि हिंदीत म्हणाला, सर, ये तो नाइन्साफी है. सर म्हणाले, हो, आहे. आणि पुढचा धडा सुरू केला.

निवडीचा पेपर शिबिराच्या अखेरीस, नवतपा ऐन भरात असताना आला. नवतपा म्हणजे उन्हाळ्याचे शेवटचे, सगळ्यात तापलेले दिवस. त्या दिवसांत नागपुरात कुत्रीही दुकानाच्या शटरखाली सावली शोधतात. बंगळुरूहून संस्थेच्या एक तरुण बाई आल्या होत्या. हसतमुख, पण नियमाला पक्क्या. हाच पेपर अनेक शहरांत एकाच वेळी सुरू होणार, म्हणून वेळ एक मिनिटही पुढे-मागे होणार नाही. पर्यवेक्षकाने पेपरातलं काहीही समजावून सांगायचं नाही. जो मुलगा बोलेल तो बाद. पेपर त्यांनी त्याच सकाळी कॉलेजसमोरच्या दुकानातून छापून, पिना मारून आणले होते. पर्यवेक्षक म्हणून सर होते. मी दाराशी, पाण्याची व्यवस्था बघायला.

पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात लाइट गेली. कूलर बसले. मी खिडक्या उघडत होते, तेवढ्यात धरमपेठ एकने हात वर केला. शेवटच्या मोठ्या प्रश्नात एका गावाचा नकाशा बघून नवी विहीर कुठे खणायची आणि गावाला ते कसं पटवायचं, हे लिहायचं होतं. त्याच्या पेपरात नकाशाचं पानच नव्हतं. आणखी हात वर गेले. दुकानदाराने घाईत अर्ध्याअधिक पेपरांना शेवटचं पान लावलंच नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. जास्तीची प्रत नाही, लाइट नाही म्हणून झेरॉक्स बंद, मुलांचे मोबाइल माझ्या कपाटात, आणि पेपरचा फोटो काढायला नियमाने बंदी. त्या म्हणाल्या, की ज्यांच्याकडे पान नाही त्यांनी मनाने गाव कल्पून लिहावं. वेळ थांबवता येणार नाही.

ज्यांच्याकडे पान होतं, त्यांनी आपापले पेपर तपासले. कन्हानकडे होतं. ती शेवटच्या आधीच्या बाकावर, डावा हात आडवा. मी तिच्याकडे पाहत होते, कारण त्या क्षणी सभागृहात कोणाचं काय पणाला लागलंय ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मला ठाऊक नव्हतं. सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न तिच्या विषयाचा, आणि निम्म्याहून जास्त प्रतिस्पर्धी आंधळे. तिला फक्त गप्प बसायचं होतं.

तिने हात उचलला. पान घेऊन उठली, सरळ फळ्याशी गेली आणि खडूने नकाशा काढायला लागली. काढता काढता बोलतही होती: उत्तरेला टेकडी, तिचा उतार नदीकडे, शाळेजवळची विहीर उन्हाळ्यात आटते, ओढ्याकाठची आटत नाही. प्रत्येक विहिरीची खोली ती पानावरून वाचून लिहीत होती. आणि हा सगळा वेळ तिच्या स्वतःच्या पेपरातून जात होता.

बाई जागेवरून उठल्या. सरही उठले. त्यांना उठताना पाहून मी खिडक्या सोडून पुढे सरकले, कारण परीक्षेच्या खोलीत कोणी उठून बोलायला लागलं की या माणसाचे पाय कुठे जातात, याच्या गोष्टी मी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"मोठ्यानं," ते म्हणाले. "मागच्या बाकाईले ऐकू नाही येऊन राहिलं."

तिने आवाज चढवला. बाई पुढे येऊन हळू आवाजात म्हणाल्या, की सर, ही सरळ कॉपी आहे, मला हिला बाद करावं लागेल. सरांनी त्यांच्याकडे वळून अगदी सावकाश, एखाद्या नवख्या पर्यवेक्षकाला समजवावं तसं सांगितलं, "मॅडम, मी जिंदगीभर कॉपी पकडली. कॉपी उत्तराची असते. पोरगी प्रश्न वाटून राहिली आहे. प्रश्न सगळ्याईले मिळालाच पाहिजे, नाही तं परीक्षा कशाची?"

कन्हानने खडू ठेवला, हात झटकले, जागेवर जाऊन लिहायला बसली. डावा हात पुन्हा आडवा.

त्यानंतरची दुपार मला अजून आठवते. बाई कार्यालयात बसून बंगळुरूशी फोनवर बोलत होत्या. तिला बाद करायचं, पेपर रद्द करायचा, की तो प्रश्न वगळायचा? मुलं जेवायला तयार नव्हती. धरमपेठ एक आणि दोन बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. सांगायला लागले, की तिला बाद करायचं असेल तर आमचाही त्या प्रश्नाचा कागद फाडा, आम्ही तो तिच्या नकाशावरून लिहिलाय. मी त्यांना दोनदा हाकललं, ते तिसऱ्यांदा आले. कन्हान मात्र स्वयंपाकघरात माझ्यासोबत पोळ्या मोजत होती. सर अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. पाणी नेलं तर नको म्हणाले. मग मला विचारलं, "मॅडम, मी तिले मोठ्यानं वाच म्हणालो नसतो तं? तिनं हळू आवाजात वाचलं असतं, तं कदाचित भागलं असतं." मी म्हटलं, सर, ते झालं, आता पोळी खाऊन घ्या.

संध्याकाळी निरोप आला. प्रश्न सगळ्यांसाठी धरायचा, आणि मुलीवर कारवाई नाही. पण निवड गुणांवरच होईल. बाईंनी पेपर तपासून दुसऱ्या दिवशी समारोपात निकाल द्यायचा होता.

समारोपाला कन्हानचे वडील आले, पाळीवरून थेट, नखांत कोळसा. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी खुर्ची दिली तर बसेनात. हळूच विचारलं, "बाई, होईन का जी आमच्या पोरीचं?" मी खोटं बोलत नाही, म्हणून माहीत नाही म्हणाले. बंगळुरूच्या बाईंनी भाषण लांबवलं नाही. त्या एका जागेसाठी निवडलेल्या मुलीला त्यांनी खऱ्या नावाने पुकारलं आणि निम्म्या सभागृहाला क्षणभर कळलंच नाही, की ही कोण. मग खापरखेड्याचा मुलगा किंचाळला, "अबे, कन्हान!" आणि जो गलका झाला त्यात माझा माइक पडून फुटला. तिचे वडील अखेर खुर्चीत बसले.

गुण नंतर पाहिले. दुसऱ्या नंबरवर धरमपेठ एक होता, अगदी तिच्या मागे. नकाशा फळ्यावर आला नसता, तर तो कुठेच नसता.

गर्दी पांगली. कन्हान बॅग घेऊन सरांच्या पाया पडायला आली. सरांनी तिला मध्येच धरलं. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. वर्षानुवर्षं ते मुलांना वाटून घ्यायला शिकवत होते आणि त्यांच्या मते ते आज फळाला आलं होतं.

"आता सांग वं," ते म्हणाले. "मी तुले माफ केलं होतं. तरी काहून उठली?"

ती जरा गोंधळली. उत्तर इतकं उघड असताना सर विचारतायत कशाला, असा तिचा चेहरा होता.

"सर, नकाशा नसलेल्याईले हरवून काय मजा?"

तेवढ्यात बाहेरून वडिलांनी हाक मारली, कामठीवरून कन्हानला जाणारी बस होती. ती गेली. सर तिथेच खुर्चीत बसले.

"मॅडम," ते मला म्हणाले, "मी एवढी वर्षं पोराईले वाटा, वाटा म्हणून राहिलो. हे कारण मले काहून नाही सुचलं?"

मला खुर्च्या उचलायच्या होत्या, फुटलेला माइक परत करायचा होता. मी म्हटलं, "तुम्ही नेहमी पर्यवेक्षक होतात, सर. ती परीक्षेला बसली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताडकन उठले, हे तिले सांगितलंच पाहिजे असं काहीतरी पुटपुटले, आणि बस सुटायच्या आत गाठायला म्हणून त्या भाजत्या उन्हात फाटकाकडे पळत सुटले.